तपासलं, काही आढळलं नाही

माझा मामेभाऊ भोसरीत ज्या शेडमध्ये कामाला आहे, तिथे कोपऱ्यात एक अंधारी खोली आहे. दारावर जाड काळा पडदा. आत गेलं की लगेच काम सुरू करता येत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं थांबायचं. मग जांभळ्या दिव्याखाली एकेक ओतीव तुकडा फिरवून बघायचा. तुकडा आधी चमकणाऱ्या द्रवात बुडवलेला असतो, मग धुतलेला, मग त्यावर पांढरी भुकटी मारलेली. कुठे बारीक तडा असेल तर त्यात शिरलेला द्रव भुकटी बाहेर ओढते आणि तिथे हिरवट-पिवळी रेघ पेटते.

‘दादा, दिवसाला किती सापडतात?’ मी विचारलं.

‘दिवसाला? अरे, आठवड्यात एक सापडला तरी चर्चा होते.’

दादाचे तुकडे पंपांचे नि व्हॉल्व्हचे असतात, विमानाचे नाहीत. पण विमानांच्या इंजिनांचे भागही हीच परीक्षा देतात. अशीच एक परीक्षा चुकली, त्याची गोष्ट माझ्या डोक्यातून बरेच दिवस जात नाहीये.

१९ जुलै १९८९. युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं उड्डाण डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. डीसी-१० जातीचं विमान, तीन इंजिनं. वाटेत शेपटीतल्या इंजिनाची पुढची फॅन डिस्क फुटली. डिस्क म्हणजे जिच्या कडेला पंख्याची पाती बसवतात ती टायटेनियमची जाड चकती, सुमारे १७० किलोंची. तिच्या ठिकऱ्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांच्या हातात उरले फक्त बाकीच्या दोन इंजिनांचे थ्रॉटल. ते कमी-जास्त करत त्यांनी जवळजवळ पाऊण तास विमान हवेत ठेवलं आणि आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमान उतरताना मोडलं, पेटलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली, १८४ वाचली.

डिस्कचे मोठे तुकडे काही महिन्यांनी मक्याच्या शेतात सापडले आणि मग एकेक पान मागे उलटत गेलं. टायटेनियम वितळवताना त्यात नायट्रोजनमुळे एक कडक, ठिसूळ ठिपका राहून गेला होता. इंजिन १९७२ साली सेवेत आलं. प्रत्येक उड्डाणागणिक त्या ठिपक्यापासून निघालेला तडा केसभर वाढत गेला. डिस्कला १८,००० उड्डाणांची मर्यादा होती. ती १५,५०३ व्या उड्डाणात फुटली. मधल्या काळात तिची सहा वेळा बारकाईने तपासणी झाली होती. शेवटची १९८८च्या एप्रिलमध्ये, दादा करतो त्याच पद्धतीने. तपासकर्त्यांच्या हिशेबाने त्या दिवशी तडा पृष्ठभागावर सुमारे अर्धा इंच लांब होता.

अर्धा इंच. करंगळीच्या नखाएवढा. आणि कागदावर नोंद: काही आढळलं नाही.

त्या माणसाला दोषी म्हणायचं का?

तत्त्वज्ञानात याला ‘नैतिक नशीब’ म्हणतात. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी हा प्रश्न नीट मांडला. समजा, दोन तपासनीस आहेत. दोघेही त्या दिवशी सारखेच दमलेले, दोघांनीही एक कोपरा सारख्याच घाईत बघितला. एकाच्या डिस्कला तडा नव्हता, दुसऱ्याच्या होता. पहिला निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी जातो. दुसऱ्याच्या नावावर ११२ माणसं. चूक तर तंतोतंत एकच! मग दोष वेगळा कसा?

विल्यम्स ट्रकचालकाचं उदाहरण देतो. काहीही चूक नसताना ज्याच्या ट्रकखाली मूल येतं, त्या चालकाचं. रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्याला हळहळ वाटते. चालकाला जे वाटतं ते हळहळ नव्हे. मराठीत त्याला ‘टोचणी’ म्हणता येईल. आपण त्याला ‘तुझी काही चूक नाही’ असं समजावतो, समजवायलाच हवं. पण दुसऱ्या दिवशी तो खरंच मजेत शीळ घालत दिसला, तर आपल्याला तो आवडणार नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचं संभाव्य कारण लिहिताना कोणा एकाचं नाव घेतलं नाही. माणसाच्या मर्यादांचा तपासणीच्या पद्धतीत पुरेसा विचार झाला नव्हता, असं म्हटलं. मला हे फार सभ्य वाटलं, आणि बरोबरही. शेकडो निर्दोष भाग बघितल्यावर डोळा तडा शोधत नाही, ‘काही नाही’ हेच शोधू लागतो. धातू थकला तर आपण त्याला आळशी म्हणत नाही. डिस्कला मर्यादा ठरवून दिली होती. डोळ्याला कोणी किती उड्डाणं ठरवून दिली होती?

इथपर्यंत मी ठाम होतो. मग दादाचा शिक्का आठवला. पास झालेल्या तुकड्याच्या कागदावर तो स्वतःच्या क्रमांकाचा गोल रबरी शिक्का मारतो. तो शिक्का दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. घरी मुलीने एकदा वहीवर उठवला तर चिडला होता. दोष सगळा पद्धतीचा म्हटला, तर तो शिक्काही पद्धतीचाच. चूक त्याची नसेल, तर वर्षानुवर्षं न चुकणंही त्याचं कसं? माणसाला यंत्राचा भाग मानून माफ करणं यात दया आहे, पण थोडा अपमानही आहे.

त्या विमानाचे कप्तान अल हेन्स पुढे अनेक ठिकाणी व्याख्यानं देत. इतकी माणसं वाचण्याची कारणं सांगताना ते संवाद, तयारी, सहकार्य हे सगळं मोजत, पण सुरुवात नशिबापासून करत. जग त्यांना वीर म्हणत असताना ते श्रेयातला नशिबाचा वाटा आधी काढून ठेवत. श्रेयातून नशीब वजा करणं मोठेपणाचं दिसतं. दोषातून तेच वजा केलं तर पळवाट दिसते. गणित एकच आहे, तरी मला ते दोन्हीकडे सारखं लावता येत नाही. नेगललाही याचं समाधानकारक उत्तर मिळालं नव्हतं, एवढाच दिलासा.

दादाला हे सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

‘शिक्का कोणाचा होता?’

‘निष्कर्षात नाव नाही.’

‘नसू दे. त्याला माहीत असेल ना.’

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सेकंड शिफ्टचा शेवटचा तास वाईट असतो. डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही. सुपरवायझर म्हणतो, उरक. मग मी काय करतो, त्या तासातल्या तुकड्यांवर शिक्का मारतच नाही. बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन परत बघतो, गाडी दहाला येते त्याच्या आत.’

‘त्याचे पैसे मिळतात?’

‘वेडा आहेस का? कोणाला सांगू नकोस फक्त.’

मग तो उठला, पडद्याआड गेला. आत दिवा लगेच लागला नाही. तो अंधारात नुसता उभा असणार, डोळे सरावायची वाट बघत.