गोळीची भूक

आमच्या भागात माणूस जाड झाला तर त्याला कुणी तोंडावर 'जाड झालास' म्हणत नाही. 'तब्येत सुधारली की!' म्हणतात. दुष्काळ पाहिलेल्या मुलखाची ही भाषा आहे. १९७२ साल ज्यांनी खडी फोडून काढलं, त्यांच्या लेखी अंगावर मांस असणं म्हणजे घरात धान्य असणं. वाळलेला माणूस एक तर कर्जात, नाहीतर दुखण्यात. त्यामुळं माझे धाकटे चुलते दीड वर्षात ७१ किलोवरून ९६ वर गेले, तेव्हा निम्म्या भावकीला बरंच वाटलं. "आता पैलवान दिसतोय बघ माणसात," असं म्हणत लोक घरी चहाला येऊन गेले.

आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्या तालमीत वाढलेले. सांगलीकडच्या गावात तालीम म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. तिथं पोरगा आधी अंगानं ओळखला जातो, नावानं नंतर. पैलवानाला आपलं वजन अर्ध्या किलोपर्यंत ठाऊक असतं. आणि कुस्ती सोडल्यावर ज्याचं पोट वाढलं त्याच्यासाठी आमच्याकडं एकच शब्द आहे, 'सुटला'. हा शब्द फार वाईट. तात्यांनी तिशीत कुस्ती सोडली, द्राक्षबाग धरली, पण ते सुटले नव्हते. सुटले ते गोळ्या सुरू झाल्यावर.

गोळ्या का सुरू झाल्या ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. २००९ च्या उन्हाळ्यात तात्यांची झोप गेली. आठ-आठ दिवस डोळा लागायचा नाही आणि थकवा म्हणून नाही. रात्री दोनला बागेत जाऊन मोटर चालू करायचे, विहिरीच्या कठड्यावर उभं राहून बोलायचे, सोसायटीच्या निवडणुकीपासून चंद्रापर्यंत. तीन म्हशी उधारीवर आणल्या. शेवटी अर्ध्या किमतीला बागेचा विसार घेतला आणि तेही पैसे चार दिवसांत कुठं गेले ते आजवर कळलं नाही. तो विसार परत करायला माझ्या वडिलांना दोन वर्षं लागली. आधी बाहेरचं बघितलं, अंगारे झाले, मग जिल्ह्याच्या गावाला नेलं. एकदा चढायचं, एकदा पार खाली जायचं, असा तो आजार. इंग्रजीत त्याला बायपोलर म्हणतात.

त्या आजारावरचं एक जुनं औषध म्हणजे लिथियम. हा एक क्षारच आहे. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरनं १९४९ साली ते अशा रुग्णांना देऊन पाहिलं आणि त्याबद्दल लिहिलं. दुसरी गोळी ओलान्झापीनची. ती मात्र अलीकडची, नव्वदीतली. दोन्ही चालू झाल्या आणि महिन्याभरात तात्या झोपायला लागले, शांत बोलायला लागले, म्हशी परत गेल्या. घरानं श्वास सोडला.

आणि मग ती भूक आली.

मी त्या वेळी कॉलेजात होतो, सुट्टीला घरी असायचो, त्यामुळं ती भूक मी जवळून बघितली. रात्री नऊला गोळी घेतली की साडेदहाच्या सुमाराला तात्या उठायचे. स्वयंपाकघरात दिवा न लावता दुरडीतली भाकरी काढायचे, चटणी-तेल नसलं तरी नुसती खायचे. तीन, चार. आवडीनं खाणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. हे खाणं तसलं नव्हतं. पुढं एका डॉक्टरांनी मला साध्या भाषेत सांगितलं. 'पोट भरलं' हे पोट म्हणत नाही, डोकं म्हणतं. ओलान्झापीन डोक्यातली जी दारं बंद करून माणसाला शांत करतं, त्यांच्याच शेजारची काही दारंही बंद होतात, हिस्टामिनची, सिरोटोनिनची. त्यातूनच 'पुरे' हा निरोप यायचा असतो. तो येतच नाही. माणूस जेवतो आणि भुकेलाच राहतो. लिथियमनं तहान लागते, आणि आमच्या घरात तहानेला उत्तर म्हणजे चहा. दिवसाला दहा-बारा कप, साखर मोकळ्या हातानं.

आता मला छळणारा प्रश्न इथं आहे. विहिरीच्या कठड्यावर उभं राहून तात्यांनी अण्णांना, म्हणजे थोरल्या भावाला, आईमाईवरून शिव्या दिल्या होत्या. सगळ्यांनी त्या माफ केल्या. "ते त्याचं बोलणं न्हवं, आजार बोलत व्हता," असं माझी आजी सांगत फिरायची. पण तीच आजी सकाळी रिकामी दुरडी बघून म्हणायची, "जिभंला काय हाड हाय का न्हाई? माणसानं ताबा ठेवावा." शिवी आजाराची आणि भूक मात्र तात्यांची? दोन्ही एकाच डोक्यातून आल्या. उलट शिवीमागं निदान मनात काही जुनं साठलेलं असेल, भुकेमागं तर नुसती १० मिलिग्रॅमची गोळी होती. आपण एकाला रोग म्हणतो, दुसऱ्याला चारित्र्य म्हणतो, आणि ही वाटणी कुठल्या हिशेबानं केली ते विचारत नाही.

मला वाटतं याचं मूळ आपल्या जुन्या शिकवणीत आहे. जिभेवर ताबा हा आपल्याकडं मोठा गुण. एकादशी धरणारा माणूस चार लोकांत मानाचा. उपाशी राहता येणं म्हणजे मन जिंकणं. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण हा गुण ज्याच्या डोक्यात 'पुरे'चा निरोप पोचतो त्याच्यासाठी ठरलेला आहे. भरल्या पोटानं दुसरी भाकरी नाकारणं आणि तात्यांनी ती नाकारणं, यात किती अंतर आहे? तात्या तीनाऐवजी दोन खाऊन उठले त्या रात्री त्यांनी जे केलं, ते पंधरा दिवसांच्या एकादशीपेक्षा जड होतं. पण ते कुणाला दिसायचं नाही. दिसायच्या त्या खाल्लेल्या दोन भाकरी.

दुसरी अडचण काकींची. आमच्या घरात जेवणाऱ्याची भाकरी मोजायची नाही. सालगड्याची मोजत नाहीत, पाहुण्याची मोजत नाहीत, तर नवऱ्याची कशी मोजणार? ज्या घरात भाकरी मोजतात त्या घराला बरकत नाही, हे काकी माहेराहून शिकून आलेल्या. आणि आता दवाखान्यातनं सांगून आलं, मोजा. काकी रात्री दुरडी वरच्या फळीवर ठेवायला लागल्या. मग कपाटात. मग कपाटाला कुलूप. ज्या दिवशी कुलूप लागलं त्या दिवशी काकी आणि तात्या दोघंही जेवले नाहीत. अन्नाला कुलूप लावणं हे काळजीतून होतं, प्रेमातून होतं, पण बघणाऱ्याला ते कुलूपच दिसतं आणि ज्याच्यासाठी लावलं त्याला तर दुसरं काही दिसूच शकत नाही.

२०१२ ला तात्यांनी गोळ्या बंद केल्या. कुणाला न सांगता, एकदम. घरातल्यांना कळलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्या रात्रीचं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. अण्णा म्हणाले, "आरं, जाड तर जाड. शुद्धीवर तर हाईस!" तात्या म्हणाले, "तुमचं समदं ठीक झालं अण्णा. घर ठीक झालं, बाग ठीक झाली. माझं काय झालं ते कुणी इचारलं का? जत्रंत फडाकडं जाईत न्हाई मी. पोरं म्हणत्यात, ह्यो कोण?" काकी दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मला जाड चालतंय. मला तुमी रात्री घरात पायजे."

यात कुणाचं चुकलं? मला अजून ठरवता आलेलं नाही. शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की ते लगेच म्हणतात, शरीर त्यांचं, निर्णय त्यांचा. बोलायला सोपं आहे. तात्यांच्या शरीराबरोबर काकींचं मंगळसूत्र, चुलत बहिणीचं लग्न, अण्णांची दोन वर्षं बांधलेली होती. दीड महिन्यात तात्या पुन्हा चढले आणि या वेळी त्यांना धरून न्यावं लागलं, चौघांनी, जीपमध्ये. पण गावातले जे म्हणतात की वेड्याला कसली आली निवड, त्यांचंही मला पटत नाही. तात्यांचा सवाल वेडातला नव्हता. तो पूर्ण शुद्धीतल्या माणसाचा सवाल होता: बरं होण्याची किंमत मी भरतोय, तर भाव ठरवताना मला का बसवत नाही? पहिल्या दवाखान्यात दीड वर्षात तात्यांचं एकदाही वजन केलं नव्हतं. झोप येते का, भांडतो का, एवढं विचारायचे, आणि तेही बरोबर आलेल्या माणसाला.

दुसऱ्यांदा बरे झाल्यावर आम्ही डॉक्टर बदलले. या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी काट्यावर उभं केलं, पोटाचा घेर टेपनं मोजला, उपाशीपोटीची साखर, थायरॉईड, किडनी, रक्तातलं लिथियम, सगळं तपासलं आणि मग तात्यांना विचारलं, "पैलवान, तुम्हाला या गोळ्यांचं काय टोचतं?" तात्या तासभर बोलले. मी बाहेर बसलो होतो, कारण त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं होतं.

वजन उतरवायचं तात्यांना नवीन नव्हतं. वजनगटात बसण्यासाठी पैलवान काय करतात ते त्यांना पाठ होतं: दोन दिवस पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळायचं, घाम काढायचा. शेजारच्या माळकरी आजोबांनी निर्जळी एकादशी सांगितली होती, आणखी कुणी अळणी खायला सांगितलं होतं. बाईंनी हे तिन्ही तिथल्या तिथं बंद केलं. लिथियम घेणाऱ्यानं मीठ एकदम तोडलं, पाणी तोडलं, भरमसाट घाम काढला, तर लिथियम रक्तात साठतं. हात कापतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, जीवावरही बेततं. म्हणजे तात्यांना येणारं वजन उतरवण्याचं सगळं शहाणपण या आजारात विष होतं.

मग जे झालं ते फार हळू झालं, त्यात सांगण्यासारखी गंमत नाही. ओलान्झापीन थोडं थोडं करत कमी केलं, सोबत मेटफॉर्मिन दिलं. ती मधुमेहाची गोळी, म्हणून गावात 'पैलवानाला साखर झाली' अशी आवई उठली. चहा दोन कपांवर आला, तहानेला मडक्यातलं पाणी आणि बिनसाखरेचं ताक. जेवणात आधी काकडी, मुळा, मोडाचे हुलगे, मग भाकरी. गोळी आणि झोप यांत अंतर ठेवायचं नाही, म्हणजे साडेदहाची भूक झोपेत निघून जाते, निदान बऱ्याच रात्री. पहाटे बागेपर्यंत चालत जायचं. कपाटाचं कुलूप निघालं. भाकरी किती ते तात्या सकाळीच सांगतात आणि काकी तेवढ्याच थापतात. मोजणं आलंच, पण आता मोजतो खाणारा. दीड वर्षात ९६ चे ८४ झाले. तिथून खाली आले नाहीत. ७१ पुन्हा दिसणार नाही हे तात्यांना माहीत आहे आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं. ते वाईट वाटणं औषधानं जात नाही, आणि जावं असं मलाही वाटत नाही.

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आला तेव्हा मी तात्यांना त्यातली एक गोष्ट सांगितली. पुढं कधी आपलं भान गेलं तर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, हे माणसाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. रीतसर करायचं तर साक्षीदार, नोंद वगैरे लागतं. तात्या म्हणाले, ते बघू नंतर, आधी लिही. मी वहीचं पान घेतलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि दोनच वाक्यं सांगितली. "मी ऐकत नसलो तर धरून न्या, पण अण्णांनीच न्यावं, बाहेरच्यानं हात लावायचा न्हाई. आणि नेल्यावर डॉक्टरला माझं वजन सांगा, आधीचंबी." खाली सही केली. काकींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, अण्णांचं वय झालंय, दुसरं नाव घाला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि 'अण्णा'च्या पुढं 'किंवा' लिहायला सांगितलं.