गाडीत मावेल एवढा शिधा

आजच्या मननासाठी मनानं बेंबळीला चला. धाराशिव तालुक्यातलं, बालाघाटच्या पठारावरचं हे गाव. दिवाळी होऊन गेली आहे. सोयाबीनची रास कधीच घरी किंवा बाजारात पोचली आहे आणि रानात रब्बीची ज्वारी वर येऊ लागली आहे. सकाळच्या हवेत गारवा आहे. रस्त्याच्या कडेला, बांधावर, जागा पाहून बसा. श्वास सावकाश चालू द्या. कुठं पोचायचं नाही, काही उरकायचं नाही.

आता समोरून एक ट्रॅक्टर येतो आहे असं समजा. त्याच्यामागं दोन ट्रॉल्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अशा गाड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडं निघतात. ट्रॉलीत ऊसतोडीला निघालेली माणसं आहेत. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली आहे, आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने गाव दिसणार नाही. गाडीत ताडपत्री आहे, बांबू आहेत, अंथरुणं आहेत, एखादी शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, मांडीवर लेकरं. आणि एक पत्र्याची पेटी आहे. आज आपण त्या पेटीजवळ बसणार आहोत.

हल्ली हौसेनं गाडीतच मुक्काम करत देश पाहणारी माणसं आहेत. वारीत दिंडीमागून शिध्याचा ट्रक चालतो. चाकांवरचा संसार या मुलखाला तर फार जुना. याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलं आहे, की पैठण आणि तगरचा माल गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी, भडोचच्या बंदराकडं जाई. त्या गाडीवानांनाही रोज रात्री कुठं तरी चूल मांडावी लागली असेल. त्यांनी बरोबर काय घेतलं असेल? हा प्रश्न उत्तराची घाई न करता मनात ठेवा. मग तोच स्वतःला विचारा: सहा महिने घर सोडायचं आहे आणि एका पेटीत मावेल एवढंच खाणं न्यायचं आहे, तर मी काय घेईन?

मनात यादी येऊ द्या. पहिल्यांदा आवडीचे पदार्थ येतील, ते येऊ द्या आणि जाऊ द्या. मग सवयीचे येतील, तेही जातील. शेवटी ज्यांच्यावाचून दिवस उभाच राहणार नाही अशा चार-पाच वस्तू उरतील. त्या एकेक करून हातात घेऊ.

पहिली वस्तू धान्य. या भागात ती ज्वारी. टपोरी, मोत्यासारखी पांढरी मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवडून काढलेला मालदांडी ३५-१ हा वाण कित्येक दशकं झाली तरी या पट्ट्यात टिकून आहे, कारण तो काळ्या रानातल्या ओलीवर येतो, माणसाला भाकरी देतो आणि जनावराला कडबा. मूठभर ज्वारी तळहातावर घेतली आहे असं समजा. दाणे कोरडे, थंड, जड आहेत. नीट वाळवलेले हे दाणे सहा महिने सहज टिकतात. पिठाचं तसं नाही. दळल्यावर दाण्यातलं तेल हवेला उघडं पडतं, काही आठवड्यांत पीठ कडवट लागतं आणि त्याची विरी जाते, भाकरी थापताना ती कडेला फाटते. म्हणून जाणती बाई दाणे जास्त नेते, पीठ थोडं नेते आणि जिथं मुक्काम पडेल तिथली गिरणी शोधते. गाडीत राहणाऱ्या कुणालाही हा पहिला धडा उपयोगी पडेल: जे टिकतं ते साठवावं, जे नासतं ते थोडं थोडं करत जावं.

आता भाकरी होताना मनानं पाहा. परातीत पीठ आहे, त्यात उकळतं आधण पडतं. गव्हात जो चिकटपणा असतो तो ज्वारीत नाही. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. चटका सोसवेल इतकं निवताच तळहाताच्या टाचेनं पीठ रगडलं जातं. गोळा होतो, परातीत पीठ भुरभुरलं जातं, बोटं गोल फिरत राहतात. तव्यावर पडलेल्या भाकरीवर ओला हात फिरतो. पाणी सुकत आलं की ती उलटते, मग जाळाशी उभी राहते आणि पापुद्रा सुटून टम्म फुगते. लाटणं नाही, पोळपाट नाही, तेलाचा थेंब नाही. एक परात, एक तवा आणि दोन हात. पेटीतली जागा इथं हातांच्या कसबानं वाचवली आहे. या कसबापाशी थोडं थांबा.

दुसरी वस्तू डाळ. तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो आणि जळण लागतं, म्हणून पेटीत तिच्याजोडीला बेसन असतं. पाणी उकळलं, लसूण-मिरचीची फोडणी दिली, बेसन सोडलं, की पिठलं भाकरीच्या आधी तयार. आणि मराठवाड्याच्या पेटीत आणखी एक गोष्ट असते: येसर. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, सुकं खोबरं, मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेलं पीठ. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. फोडणीत पाणी घालून त्यात दोन चमचे येसर कालवलं की दहा मिनिटांत आमटी होते, आणि त्या आमटीत भाकरी कुस्करून पोटभर जेवण होतं. एखाद्या निवांत दुपारी घरात बसून केलेली भाजणी-दळणाची मेहनत इथं पिठाच्या रूपानं साठवलेली असते आणि रस्त्यावरच्या दमलेल्या संध्याकाळी कामी येते. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातली उणीव दुसरी भरून काढते: ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते डाळीत भरपूर. प्रयोगशाळेत हे शोधलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून भाकरी आणि पिठलं एका घासात जात आहेत.

तिसरी वस्तू तिखट आणि तेल. काळं तिखट, उखळात कुटून तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी, मीठ, लसणाच्या गड्ड्या, पोत्यात कांदे. या भागात ज्वारीच्या रानात करडई असे आणि घाण्याचं करडईचं तेल घरात असे. सोयाबीन वाढलं तशी करडई मागं पडली, तरी तेल, तिखट आणि भाकरी हे जेवण राहिलं. ज्या दिवशी चूल पेटवायची ताकद नसते, त्या दिवशी सकाळची भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर रात्र निभावते. सोलापूरकडची कडक भाकरी तर याच्या पुढची. पातळ थापून, पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली ती भाकरी कितीतरी दिवस टिकते आणि आमटीत मोडून टाकली की मऊ होते. बाकी पेटीत गुळाचा खडा असावा, वाळवलेली हरभऱ्याची भाजी असावी, सांडगे असावेत, हुलगे असावेत. हुलग्याचं माडगं थंडीत अंगात ऊब आणतं.

ताज्या भाजीला पेटीत जागा नाही. ती त्या त्या जागेवर सोपवलेली आहे. हिवाळ्यात बांधाकडेला पाथर मिळते, तांदुळजा मिळतो, कुठं लिंबाचं झाड असतं. भाकरीबरोबर थोडा लिंबाचा रस पोटात गेला की धान्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. आपल्या यादीत असा एक कोपरा रिकामा सोडता येतो का, पाहा. जिथं जाऊ तिथल्या मातीनं तो भरावा, एवढा विश्वास त्याला लागतो.

चौथी वस्तू पाणी. इथं मन अधिक सावकाश करा. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागातल्या माणसाला हंड्यातली पातळी न पाहताही कळते. गाडीतल्या संसारात पाणी हीच खरी मोजदाद. भाकरी हातावर घेऊन तिच्यावरच पिठलं वाढलं तर ताट धुवावं लागत नाही. हात फिरवून उरलेलं पाणी परातीतच राहतं, पुढच्या गोळ्याला लागतं. भांडी राखेनं घासून थोडक्या पाण्यात निघतात. ओलं वाटण करण्याऐवजी कोरडी पूड नेण्यामागंही हाच हिशेब असतो. जे अन्न शिजायला, खायला आणि आवरायला कमी पाणी लागतं, तेच प्रवासाचं अन्न. आज पाणी पिताना पहिला घोट तोंडात क्षणभर धरून ठेवा.

पाचवी वस्तू जाळ. उसाच्या फडात पाचट भरपूर असतं, पण ते भसकन पेटतं आणि लगेच विझतं. त्याच्यावर वरण शिजत नाही, आणि राहायच्या पाचटाच्याच कोपीशेजारी, म्हणजे झोपडीशेजारी, ते धोक्याचंही आहे. म्हणून काटक्या, चिपाडं गोळा करावी लागतात. गॅसची छोटी शेगडी असेल तर सिलिंडर किती दिवस पुरेल याची काळजी असते. सगळं अन्न एकाच चुलीवर, एकापाठोपाठ एक, जाळ वाया न घालवता करायचं: आधी आधण, मग भाकरी, मग उरलेल्या निखाऱ्यावर मिरच्या भाजायच्या.

आता पेटी बंद करा, आणि ती उघडणाऱ्या हातांकडं पाहा.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघंही दिवसभर फडात राबतात. पण पहाटे तीन-चारला, थंडीनं बोटं वाकत नसताना, चूल पेटवते ती बाई. सगळ्यांच्या दिवसभराच्या भाकरी थापून, लेकराचं आवरून, ती उजाडायच्या आत कोयता हाती घेते. दिवसभर मोळ्या वाहते आणि रात्री पुन्हा त्याच चुलीपुढं बसते. आजारानं एक दिवस घरी राहिली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. आतापर्यंत आपण ज्या ज्या युक्तीचं कौतुक केलं, येसर, आधण, कोरडी चटणी, ती प्रत्येक युक्ती तिच्या झोपेतून वजा झालेली आहे. सोपं जेवण म्हणताना ते कुणासाठी सोपं, हा प्रश्न मनात स्थिर होऊ द्या. तो टाळू नका.

इथं आणखी एक फरक नीट पाहायला हवा. कमी सामानात राहण्यात सुख आहे, मन हलकं होतं, हे खरं. ज्यानं ते स्वतः निवडलं आहे, त्याच्यासाठी. १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या आणि खडी फोडायच्या कामावर सुकडी आणि मिलो नावाची लाल ज्वारी खाऊन दिवस काढलेली माणसं या भागात अजून आहेत. त्यांना कुणी कमी खाण्याचा महिमा सांगू नये. तेच पाच डबे, तीच भाकरी. एकाच्या पेटीत मोकळेपणा असतो, दुसऱ्याच्या पेटीत उचलीचं ओझं. आपण चटणी-भाकरीचं गुणगान करतो तेव्हा हे दोन्ही एक करून टाकतो, आणि तिथंच त्या बाईवर अन्याय होतो.

म्हणून या मननातून काही घेऊन उठायचं असेल तर ते कामाचं घ्या. एक दिवस ठरवा आणि पाचच वस्तूंवर घर चालवा: ज्वारी, बेसन किंवा येसर, शेंगदाणे, तिखट-मीठ, कांदा. पाणी एका हंड्यात भरून ठेवा आणि स्वयंपाक त्यातच करा. त्या दिवशी घरात एरवी जी व्यक्ती चुलीपुढं उभी राहत नाही, तिनं उभं राहावं. भाकरी फाटेल, फाटू द्या. चटका लागेल तेव्हा कळेल की या सोप्या जेवणात किती शिकलेलं असतं.

दुसरं, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे आणि प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क आहे. शिधापत्रिकेच्या पोर्टेबिलिटीमुळं ते धान्य गावाबाहेरच्या दुकानातही घेता येतं. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय ऑगस्ट २०१९ मध्येच सुरू झाली. तुम्ही कारखान्याच्या पट्ट्यात राहत असाल तर फडावर आलेल्या कुटुंबाला जवळचं रेशन दुकान दाखवा, अंगठा उमटत नसेल तर सोबत उभे राहा. विहिरीवर हंडा भरू द्या. गिरणीवाल्याला सांगा, की त्यांचं दळण आधी घे, त्यांना उजाडायच्या आत निघायचं असतं.

पेटीत किती कमी ठेवायचं हे जिची पेटी आहे तिनं ठरवावं. तिला झोप पुरी मिळावी, लेकरू शाळेत राहावं, आणि मग तिनं हौसेनं दोनच डबे घेऊन हवं तिथं निघावं. त्या दिवशी आपण तिच्या येसराची कृती विचारू, आणि ती सवडीनं सांगेल.