गार बल्बाचा आकडा

"सर, हा बल्ब तेराशे वॅटचा निघाला."

आयटीआयच्या तारतंत्री वर्गात एका पोरानं हे जाहीर केलं तेव्हा अख्खा वर्ग हसला, मीही हसलो. बल्ब साधा पिवळा, 100 वॅटचा. त्यानं तो होल्डरमधून काढून मल्टिमीटरला लावला होता. रोध आला 39 ओहम. बोर्डावर 228 व्होल्ट दिसत होते. 228 भागिले 39 म्हणजे 5.85 अँपियर, त्याला पुन्हा 228 नं गुणलं की 1333 वॅट. आकडेमोड चोख. मी तोच बल्ब लावायला सांगितला, सिरीजमध्ये अमीटर. काटा 0.43 वर स्थिरावला. आता रोध 530 ओहम, शक्ती 98 वॅट. "गार तारेचं ऐकायचं नसतं," असं म्हणून मी त्याच्या जर्नलमधल्या 1333 वर लाल फुली मारली.

"मग सर, खरा रोध कोणता?"

मी टंगस्टनचं पाठ असलेलं सांगितलं. पेटलेली तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, आतले अणू जोरात थरथरतात, इलेक्ट्रॉनांना वाट मिळत नाही, म्हणून रोध साडेतेरा पट. पोरगं गप्प बसलं. पण त्यानं कारण विचारलंच नव्हतं. खरा कोणता, एवढंच विचारलं होतं.

आमचे वडील माळकरी. पहाटे चारला उठून हरिपाठ, मग तासभर डोळे मिटून बसणं. माणूस मुळात शांतच असतो, राग-लोभ वरून चढलेला मळ, हे त्यांचं ठाम मत. आणि ते मत त्यांना शोभायचं, कारण त्यांचा आवाज चढलेला घरात कुणी ऐकला नव्हता. त्या वर्षी आषाढीच्या वारीला मी त्यांच्यासोबत आळंदीहून निघालो. दिवेघाट चढून सासवडला मुक्काम पडला. टँकरपुढं रांग लागली होती. कुणीतरी वडिलांची कळशी पायानं बाजूला सारली, आणि वडिलांच्या तोंडून जी शिवी बाहेर पडली ती मी वर्कशॉपमध्येही ऐकली नव्हती. दहा मिनिटांनी ते त्या माणसाला शोधत गेले, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो बिचारा गोंधळून उलट यांच्याच पाया पडला.

रात्री राहुटीत मला झोप नाही. पहाटेचे वडील खरे की टँकरपुढचे? वेळ आली की माणूस कळतो, असं जग म्हणतं. त्या हिशेबानं पन्नास वर्षांचा हरिपाठ म्हणजे गार तारेचा आकडा. मला ते पटेना, आणि खोडताही येईना.

वाट सापडली ती मीटरमध्ये. रोध मोजताना मीटर तारेकडं नुसता बघत बसत नाही. स्वतःच्या सेलमधून बारीकसा करंट सोडतो, किती व्होल्ट पडले ते पाहतो, आणि भागाकार करतो. म्हणजे 39 हा आकडाही संपूर्ण विसाव्यातला नव्हेच. तो थोड्या जोराला दिलेलं उत्तर आहे. जोरच काढून घेतला तर व्होल्ट शून्य, अँपियर शून्य, आणि शून्याला शून्यानं भागून काही हाती लागत नाही. खुद्द ओहमलासुद्धा 1826 मध्ये आधी न डळमळणारा जोर शोधावा लागला. त्या काळच्या बॅटऱ्या हेलकावे खात, म्हणून तांबं आणि बिस्मथ जोडून त्यानं एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. मग कुठं त्याचा नियम दिसला.

एका बौद्ध सहकाऱ्याला हे सांगितलं तर त्यानं दुसऱ्या दिवशी नागार्जुनाची मूलमध्यमककारिका आणून दिली. पंधरावं प्रकरण स्वभावपरीक्षेचं. दुसऱ्या कशावर टेकून उभं असतं त्याला स्वतःचा स्वभाव कसला, हा त्यातला रोख. मी वाचलं, निम्मं कळलं, आणि निम्म्यावर अडलो. कारण बल्बाला अमुक एक रोध नसला तरी वाटेल तो रोधही नसतो. जोर वाढवत न्या, प्रत्येक व्होल्टेजला आकडा घ्या, आलेख काढा. उद्या पुन्हा काढा, तीच रेघ तसाच बाक घेत जाईल. इस्त्रीच्या निक्रोमची रेघ निराळी, जवळजवळ सरळ. आलेखाच्या त्या बाकाला आम्ही वर्गात वळण म्हणतो. आणि पोराला लावायचं असतं तेही वळणच. स्वभाव म्हणून काही असलंच तर ते हे असावं, रेघेवरचा एखादा ठिपका नव्हे. वडिलांची शिवी आणि पायांवर ठेवलेलं डोकं हे एकाच रेघेवरचं, दहा मिनिटांच्या अंतराचं.

हे फार सोयीचं जुळलं की मला माझाच संशय येतो. माणूस काही फिलॅमेंट नव्हे. तारेला पश्चात्ताप होत नाही. वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी हसून टाळ उचलला असता.

पण एक गोष्ट मात्र निखळ तारेचीच आहे, आणि ती मला वर्गात सुचायला हवी होती. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार गारच असते. अडवायला 39 ओहमच असतात, म्हणून करंट उसळतो, पाच-सहा अँपियरपर्यंत जाऊ शकतो. तापेपर्यंत सेकंदाचा बारीक अंश जातो आणि मग तो 0.43 वर उतरतो. अमीटरचा जड काटा तोवर हललेलाही नसतो. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच जातात ते यामुळं. तेवढ्या क्षणापुरता तो बल्ब तेराशे वॅटचा होता.

ती जर्नलं वर्षअखेरीला रद्दीत गेली. त्या प्रयोगाला मी पोराला दहापैकी तीन दिले होते.