विचारण्यापूर्वीचे मत

'क्वांटम' हा शब्द मनाला जोडून वाटेल ते सिद्ध करण्याची रीत इतकी बोकाळली आहे की, या विषयात एक काटेकोर आणि मोलाचा विचारही आहे, याकडे जाणत्या वाचकाचेही दुर्लक्ष होते. जेरोम बुसेमायर आणि पीटर ब्रुझा यांनी २०१२ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या या विचाराचा मेंदूतील अणुरेणूंशी संबंध नाही; त्यांनी भौतिकीतून घेतले आहे ते केवळ संभाव्यतेचे गणित.

या गणिताचे मर्म 'अज्ञात' आणि 'अनिर्णीत' यांतील भेदात आहे. मुठीत झाकलेल्या नाण्याची छापा की काटा ही बाजू अज्ञात असते, परंतु ठरलेली असते. क्वांटम अवस्थेत मात्र, रूढ अर्थनिर्णयानुसार, मापनापूर्वी उत्तर ठरलेलेच नसते, मापन ते घडवते. माणसाची मते यांपैकी कोणत्या जातीची? १९९७ मधील अमेरिकेतल्या गॅलप जनमत चाचणीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याविषयी आधी विचारले, तेव्हा ५० टक्के लोकांनी त्यांना प्रामाणिक मानले. उपाध्यक्ष गोर यांच्याविषयी विचारून झाल्यावर विचारले, तेव्हा ५७ टक्क्यांनी. गणितात जिला क्रमनिरपेक्षता म्हणतात, म्हणजे क्रम बदलला तरी फल तेच राहणे, ती, अनेक क्वांटम मापनांप्रमाणे, येथेही नव्हती.

पहिल्या प्रश्नाची छाया दुसऱ्यावर पडते, एवढे सांगायला हे गणित कशाला, असे आक्षेपक विचारतो. आक्षेप रास्त असला तरी अपुरा आहे. कारण छाया किती पडावी यावर त्याच्याकडे बंधन नाही, तर या गणितातून एक नेमके बंधन निघते: एका प्रश्नाला होकार आणि दुसऱ्याला नकार देणाऱ्यांचे एकूण प्रमाण, क्रम कोणताही असो, तेवढेच राहिले पाहिजे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० राष्ट्रीय सर्वेक्षणांवर हे ताडून पाहिले गेले आणि ते बहुतांशी खरे ठरले.

भाषेकडे वळताच मात्र पाऊल अडखळते. या क्षेत्रातील आवडते उदाहरण गप्पी माशाचे: 'पाळीव प्राणी' म्हणून तो चटकन आठवत नाही, 'मासा' म्हणूनही नाही, 'पाळीव मासा' म्हणताच आठवतो. (मराठी वाचकाला तो कदाचित डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्यात सोडलेला मासा म्हणूनच आठवेल, आणि अर्थ संदर्भातून घडतो हे त्यानेही दिसतेच.) 'पान वाढले' या वाक्यातही वेल की पंगत, हे संदर्भ ठरवतो, येथवर संदर्भाला मापन म्हणता येते. पण कवी जेव्हा श्लेष योजतो, तेव्हा रसिकाला दोन्ही अर्थ एकदमच लाभतात आणि त्यातच आनंद असतो. भौतिकीतील एका मापनातून मात्र दोन उत्तरे कधीच हाती येत नाहीत.

तेव्हा एकाच बाजूला कलण्याची सक्ती मनाच्या घडणीत नसून एकच उत्तर मागणाऱ्या प्रश्नात असावी, आणि हे गणित मनाचे नव्हे, तर प्रश्नापुढे उभ्या केलेल्या मनाचे आहे, असे मानणे भाग पडते. सर्वेक्षणात 'सांगता येत नाही' या रकान्यात ज्यांची नोंद होते, त्यांना मतच नाही असे समजले जाते. वास्तविक त्यांच्यापाशी दोन्ही मते, श्लेषातील अर्थांप्रमाणे, अजून एकत्र नांदत असू शकतात.