आजचं चिंतन : गीता ५.२२ – कशात रमायचं?

आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, इंद्रियांच्या स्पर्शातून येणाऱ्या सुखाला सुरुवात असते आणि शेवटही. शहाणा त्यात रमत नाही.

शुक्रवारी रात्री निघून आम्ही उस्मानपुऱ्यातले चार मित्र खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. एकाची नोकरी नुकतीच गेलीय. ‘नायट्रो’वर सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला. परतताना मात्र हळूच म्हणाला, “सोमवारी काय करू रे?”

अशा रोलर कोस्टरला साखळी सुरुवातीला वर ओढून नेते. पुढे इंजिन नाही. त्या उंचीच्या जोरावरच सगळी धाव. घर्षण त्यातलं थोडं थोडं खातं, म्हणून पुढचा कुठलाच चढ पहिल्याइतका उंच नसतो. विषयसुखाचंही तसंच.

मग जायचंच नाही का? जा की! हसायला मनाई नाही. फक्त त्या हसण्याच्या भरवशावर सोमवार टाकू नका. तीनच श्लोक पुढे भगवंत रमायची जागाही दाखवतात : सर्व भूतांचं हित. म्हणून सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं त्याचा रेझ्युमे घेऊन बसणार आहोत.

आजचा नेम : दहा मिनिटं नामस्मरण, आणि अडचणीतल्या एका मित्राला फोन. मेसेज नको, फोनच.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥