एका दालनाची हवा

नागपुरातील कार्यालयांत रजा, बढती आणि बदली यांवरून होणारे वाद कागदावर येतात, त्यांना जावक क्रमांक मिळतो आणि कधी ना कधी त्यांचा निकालही लागतो. एसीचा रिमोट कोणाच्या टेबलावर असावा आणि खिडकी उघडी ठेवावी की बंद, हा वाद मात्र कागदावर येत नाही आणि म्हणूनच दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी कमाल तापमान ४७.९ अंश सेल्सिअसवर गेले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले, त्या शहरात हा वाद क्षुल्लक मानता येणार नाही. त्यातील पेच असा की टेबल, खुर्ची, कपाट, फार तर पंखासुद्धा माणशी वाटून देता येतो, पण दालनातील हवा वाटून देता येत नाही. ती सर्वांसाठी एकाच तापमानाची, एकाच ओलाव्याची आणि एकाच शिळेपणाची असते, आणि जी शरीरे ती सोसतात ती मात्र एकसारखी नसतात.

विवेचनाच्या सोयीसाठी सिव्हिल लाइन्समधील एखादे जुने शासकीय दालन कल्पावे. जाड भिंती, उंच छत आणि छताखाली गरम हवा निघून जाण्यासाठी ठेवलेले झरोके अशी त्याची मूळ रचना होती. पुढे खोटे छत बसवल्यामुळे झरोके झाकले गेले, खिडक्यांतले कूलर निघाले आणि दोन स्प्लिट एसी लागले. दालनात चौदा टेबले आहेत. एसीचा पक्ष लेखापाल मांडतात आणि खिडकीचा पक्ष वरिष्ठ लिपिक असलेल्या बाई मांडतात.

लेखापाल : मॅडम, यात तत्त्वज्ञान कशाला? चौदापैकी नऊ जणांना २२ अंश हवेत. बहुमत झाले, विषय संपला.

वरिष्ठ लिपिक : सर, बहुमताने सहलीचे ठिकाण ठरवावे. एसीखालच्या टेबलावर कोण बसणार, याचे मतदान कधी झाले होते? ज्यांनी २२ ला हात वर केले, त्यांच्यापैकी एकाच्याही मानेवर तो झोत येत नाही.

लेखापाल : थंडी वाजत असेल तर शाल घेता येते. उकडणाऱ्याने मात्र एका मर्यादेपलीकडे काय काढायचे?

वरिष्ठ लिपिक : शाल खांद्यावर घेता येते, बोटांवर नाही. चार वाजेपर्यंत टंकलेखन करणारी बोटे गारठतात, आणि त्याच वेळी बाहेर ४४ अंश असतात.

शालीचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, कारण त्यात एक खरी विषमता आहे : अंगावर घालण्याला मर्यादा नाही, काढण्याला आहे. परंतु थंडी वाजणाऱ्याची अडचण त्याने एकट्याने सोडवावी आणि उकडणाऱ्याची अडचण मात्र संपूर्ण दालनाने सोडवावी, हे गृहीतक त्यात न बोलता शिरलेले असते. शिवाय ‘सामान्य माणसाला’ किती अंश सोसवतात हे ज्या मापांवरून ठरले, ती मापे तटस्थ नव्हती. डेन्मार्कचे अभियंते ओले फँगर यांनी १९७० मध्ये औष्णिक सुखाचे, म्हणजे शरीराला ना गरम ना थंड वाटण्याच्या स्थितीचे, जे गणित मांडले, त्यात तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, कपडे आणि शरीरात निर्माण होणारी उष्णता हे घटक येतात. त्यांपैकी शरीराच्या उष्णतेचे प्रमाण म्हणून प्रचलित असलेला आकडा सुमारे ७० किलो वजनाच्या चाळिशीतील पुरुषावरून घेतलेला होता, आणि स्त्रियांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त भरू शकतो, असे दोन डच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. म्हणजे वरिष्ठ लिपिक बाईंची तक्रार नाजूकपणाची नसून मोजपट्टीची आहे.

तथापि फँगरच्या गणितातच लेखापालांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे, आणि ते ती सोडत नाहीत.

लेखापाल : त्याच गणितानुसार सर्व घटक अगदी अचूक जुळवले तरी शंभरातले पाच जण असमाधानी राहतातच. मग त्या पाचांसाठी उरलेल्यांनी घामाघूम व्हावे काय?

वरिष्ठ लिपिक : ते पाच दरवेळी तेच कसे ठरतात, एवढेच विचारायचे आहे.

आकड्यांपुरते पाहिले तर तडजोड अवघड नाही. तारांकित एसी सुरू होताच २४ अंशांवर असावा असा नियम १ जानेवारी २०२० पासून देशात लागू आहे. त्याच्याही पलीकडे, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशाच्या पाच हवामान-प्रदेशांतील कार्यालयांची पाहणी करून जे प्रारूप तयार केले आणि जे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घेतले गेले, त्याचे सार असे की ज्या इमारतीत खिडक्या उघडतात आणि पंखे फिरतात, तेथील माणसे बाहेरच्या ऋतूशी जुळवून घेत बरेच जास्त तापमानही सुखाने सोसतात. याला अनुकूलनशील सुखाचा सिद्धांत म्हणतात. २६ अंश आणि छताचा पंखा यांवर बहुतेक दालने समेट करू शकतील, आणि वाद तापमानाचाच असता तर तो येथे संपला असता.

पण नागपूरकर कूलरकडून एसीकडे वळला तेव्हा तापमानाखेरीज आणखी एक गोष्ट बदलली, आणि तिची दखल फारशी कोणी घेतली नाही. कूलर म्हणजे तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा टुल्लू पंप आणि मधोमध पंखा. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढली जाते, पाण्याची वाफ होते, त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि हवा थंड होते. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळले असता जे तापमान दिसते त्याला आर्द्र तापमान म्हणतात, आणि कूलर हवेला त्याच्याखाली नेऊ शकत नाही. मेमध्ये बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर आर्द्र तापमान २३ च्या आसपास येते आणि चांगला कूलर २७ अंशांची हवा देतो; जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तेच तापमान २८ वर असते, आणि मग कूलर चिकचिकीखेरीज काही देत नाही. मेअखेरचा नवतपा कूलरने निभतो आणि आषाढ निभत नाही, याचे कारण एवढेच.

प्रस्तुत वादात महत्त्वाचे ते पुढेच आहे. कूलर चालायचा तर समोरची खिडकी उघडी लागते, कारण आत येणाऱ्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट न मिळाल्यास खोली दमट होऊन बसते; उलट एसी चालायचा तर खिडकी बंद लागते. स्प्लिट एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून शीतकारक द्रव्य फिरते, हवा नव्हे. तो दालनातलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून परत सोडतो. एसी ‘बाहेरची हवा थंड करून आत आणतो’ ही समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळते. कूलरने गारवा आणि ताजी हवा एकाच यंत्रात बांधून दिली होती, एसीने त्यांची फारकत केली, आणि दोन स्वतंत्र प्रश्न एकाच रिमोटवरून भांडले जाऊ लागले.

वरिष्ठ लिपिक : म्हणून म्हणणे असे की अंशांवर हवे तर मतदान घ्या, हवेवर घेता येणार नाही. उकडणे-गारठणे ही सोयीची बाब आहे. चौदा माणसांचा श्वास दिवसभर एका बंद खोलीत कोंडणे ही अपायाची बाब आहे, आणि अपायाला बहुमताची संमती चालत नाही.

लेखापाल : अपाय झाल्याचे मोजणार कसे? डोके जड होण्याला लेखापरीक्षणाची वेळही पुरते.

वरिष्ठ लिपिक : म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी एकोणिसाव्या शतकातच मापन सांगितले आहे. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे हजार भाग झाले की खोली कोंदट समजावी. बाहेर आजही ते साधारण सव्वाचारशे असतात.

लेखापाल : ते तर असेही सांगत होते की तेवढा वायू स्वतः अपायकारक नाही, तो केवळ दर्शक आहे.

वरिष्ठ लिपिक : दर्शकच. दुसऱ्याच्या फुप्फुसातून निघालेली हवा आपल्या वाट्याला किती आली, ते तो दाखवतो. २०२० च्या करोनासाथीनंतर हे समजावून सांगण्याची गरज उरू नये.

लेखापाल : मग तुमच्या खिडकीबाहेर काय आहे तेही मोजा. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आहेत, खाली वाहतूक आहे आणि शहरात कुठे ना कुठे रस्त्याचे खोदकाम चालूच असते. पर्यावरणाच्या संशोधनासाठी नीरीसारखी राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, त्या शहरात तरी ‘बाहेरची’ आणि ‘ताजी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत.

वरिष्ठ लिपिक : अडीच मायक्रॉनहून बारीक कण एसीची जाळीही अडवत नाही. ती केवळ तंतू आणि जाड धूळ धरते.

लेखापाल : म्हणजे ती धूळ बंद खोलीतही येतेच, मग खिडकी उघडून ४४ अंशही आत का घ्यायचे?

या आक्षेपावर वरिष्ठ लिपिक बाईंची बाजू अडते. दर तासाला दहा मिनिटे खिडकी उघडावी असे त्या सुचवतात. त्या दहा मिनिटांत आलेली उष्णता बाहेर काढायला एसीला किती वीज लागेल हे लेखापाल विचारतात. कार्यालय पावणेदहाला भरण्यापूर्वी खिडक्या उघडाव्यात असे त्या म्हणतात. हवा दुपारी चारला शिळी होते, सकाळी नव्हे, हे उत्तर तयारच असते. भिंतीत एक्झॉस्ट पंखा आणि समोर गाळणी लावलेला झरोका असा मार्ग त्या काढतात, तेव्हा त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही, या जगातील सर्वांत जुन्या आक्षेपाशी चर्चा येते. खरे पाहता अपाय आणि गैरसोय यांमधील त्यांचा भेद योग्य असला तरी पुरेसा नाही, कारण नागपूरच्या मेमध्ये तापमान हीदेखील अपायाचीच बाब आहे. ऊन लागून माणसे दगावतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तेराव्या कलमात वायुवीजन आणि तापमान एकत्रच ठेवले होते, आणि ते योग्यच होते. अर्थात कार्यालय म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे त्या कलमाचा आधार या दालनाला मिळाला नाही.

यानंतर चर्चा अचानक दालनाबाहेर जाते, आणि तिला तिकडे नेण्याचे श्रेय लेखापालांना द्यावे लागते.

लेखापाल : मॅडम, ताजी हवा हा प्रत्येकाचा हक्क आहे असे तुम्ही तीनदा म्हणालात. दाराबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाला विचारा. त्याला मेमध्ये ताजी हवा भरपूर मिळते.

वरिष्ठ लिपिक : ताजी कुठे मिळते? आपल्या दोन्ही एसींचे बाहेरचे भाग त्याच व्हरांड्यात लावले आहेत. आपल्या दालनातली उष्णता त्याच्या अंगावर जाते.

लेखापाल : म्हणजे २२ असोत की २६, खिडकी उघडी असो की बंद, त्याच्यासाठी आपण दोघे एकाच पक्षाचे.

या वाक्याला वरिष्ठ लिपिक बाईंकडे उत्तर नाही आणि प्रस्तुत विवेचनाकडेही नाही. आतापर्यंत दोन्ही पक्षांनी, आणि त्यांची मांडणी करणाऱ्यानेही, एक गोष्ट न बोलता धरून चालवली होती : सामाईक हवा म्हणजे ज्यांना दालनात टेबल आहे त्यांची हवा. एसी थंडी निर्माण करत नाही, तो उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतो, आणि ती कोठे टाकावी हा निर्णय नेहमी आत बसलेलाच घेतो. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा राज्य शासनाच्या कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शिपायांसाठी मात्र ती साडेनऊ ते साडेसहा ठरली. म्हणजे ज्याला या हवेत सर्वांत जास्त वेळ काढावा लागतो, त्याचे मत चौदांच्या मतदानात मोजलेच गेले नव्हते. वरिष्ठ लिपिक बाई यावर म्हणू शकतील की एक अन्याय दाखवून दुसरा पुसला जात नाही, आणि ते खरे आहे. लेखापालांनी हा मुद्दा शिपायाच्या कळवळ्याने काढला की वाद जिंकण्यासाठी, ही शंकाही रास्त आहे. परंतु मुद्दा कोणत्या हेतूने निघाला यावरून तो खोटा ठरत नाही.

दोघांचा समेट झाला असे म्हणता येणार नाही. दालनापुरता निर्णय द्यायचाच झाला तर कामांचा क्रम तेवढा सांगता येईल. एसींचे बाहेरचे भाग व्हरांड्यातून काढून गच्चीवर न्यावेत आणि शिपायाचे स्टूल दाराच्या आत घ्यावे. त्यानंतर एक्झॉस्ट पंखा आणि गाळणीचा झरोका बसवावा, ज्याचा खर्च तिसऱ्या एसीच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी येतो, आणि झोताखालचे टेबल सरकवावे. किती अंश ठेवायचे याचे मतदान एवढे झाल्यावरच घ्यावे, आणि त्यात पंधरा मते मोजावीत.