भेटीचा हक्क मुलाचा

घटस्फोटाच्या दाव्यात दागिन्यांचा वाद दोन वर्षं चालला, तरी सोनं होतं तेवढंच राहतं. मूल तसं राहत नाही. तीन वर्षांच्या मुलीला वर्षभर वडील दिसले नाहीत, तर तिच्या आठवणीत ते उरतच नाहीत. तरीही ताब्याचा अर्ज बाकीच्या अर्जांच्या रांगेत उभा असतो. समोरच्याला 'से' म्हणजे लेखी म्हणणं दाखल करायला मुदत, वकील गैरहजर, साहेब रजेवर, पुढची तारीख. निकाल कोणाच्याही बाजूनं लागो, या मुलांचं सर्वांत मोठं नुकसान त्याची वाट पाहण्यात झालेलं असतं.

कायदा मुलाला विसरलेला नाही. 1890 चा पालक आणि पाल्य अधिनियम आजही लागू आहे, आणि 1956 च्या हिंदू कायद्यानं तर मुलाचं हित सर्वोच्च मानलं. त्याच कायद्यात आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई अशी नैसर्गिक पालकांची उतरंड होती. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वडील हयात असतानाही आई पालक ठरू शकते, असा अर्थ लावून या उतरंडीची धार बोथट केली. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, हेही 1956 पासून लिहिलेलं आहे. यावरून पाचवा वाढदिवस झाला की मूल वडिलांचं, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. पाच वर्षांनंतरही प्रश्न हिताचाच राहतो. 2015 मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पाच वर्षांखालच्या मुलाच्या आईनं आपली लायकी सिद्ध करत बसायचं नाही. ती अपात्र आहे असं वडिलांचं म्हणणं असेल, तर ते त्यांनी सिद्ध करावं.

मात्र वेळेच्या बाबतीत कायदा हात आखडता घेतो. हिंदू विवाह कायद्यात 2001 साली दुरुस्ती झाली. दावा चालू असताना मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं तीत म्हटलं आहे. त्या वाक्यात ताब्याचा आणि भेटीचा उल्लेख नाही. फीला मुदत आहे, वडिलांना किंवा आईला भेटण्याला नाही! ही त्रुटी भरून काढायला फार मोठी क्रांती लागणार नाही.

कुटुंब न्यायालयाच्या आवारात भेटीसाठी ठेवलेल्या खोलीत शनिवारी काय दिसतं ते सांगते. भिंतीवर कार्टूनची चित्रं, कोपऱ्यात चाक निखळलेली गाडी, प्लास्टिकच्या खुर्च्या. एका वडिलांनी मुलासाठी नवे बूट आणले होते. बऱ्याच महिन्यांनी भेट होत होती आणि त्यांच्या डोक्यात जुनंच माप होतं. मुलानं पाय आत घालून पाहिला, टाच बाहेरच राहिली. 'चालतील,' असं म्हणून तो बूट हातात धरून बसला. दाराबाहेर आई घड्याळ बघत होती. तिचीही चूक नव्हती. मागच्या वेळी मूल परत आणायला उशीर झाला होता, आणि तेव्हापासून तिला धसका बसला होता.

अशा खोलीत दोन तासांत बाप बाप होऊ शकत नाही, आईही आई होऊ शकत नाही. माया रोजच्या बारीकसारीक गोष्टींत मुरते: गृहपाठाची वही, तापातली रात्र, शाळेच्या गॅदरिंगचा पोशाख. म्हणून 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं जे म्हटलं ते मला मोलाचं वाटतं. ज्याच्याकडे ताबा नाही, त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याचा हक्क असावा, असं न्यायालय म्हणालं. रोजच्या दहा मिनिटांत बुटाचं माप कळतं.

आपल्याकडे मात्र भेट हे चलन झालं आहे. 'पोटगी थकली ना, मग पाठवत नाही.' 'भेटू देत नाही ना, मग फी भरत नाही.' दोन्ही बाजूंना आपलं बरोबरच वाटतं, आणि मधल्या मध्ये पोराची जेवणाची आणि जिव्हाळ्याची, दोन्ही ताटं ओढली जातात. खर्च हा मुलाचा हक्क आहे आणि भेटही मुलाचाच. एक थांबला म्हणून दुसरा थांबवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जिथे मारहाण आहे, अत्याचार आहे, तिथे 'मुलाला दोघंही हवेत' हे पालुपद बाईच्या गळ्यात अडकवू नये. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार भेट मुलाला घातक ठरेल असं दिसलं, तर दंडाधिकाऱ्यांनी ती नाकारणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षातही ती तशी नाकारली गेलीच पाहिजे.

विधी आयोगानं 2015 च्या 257व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. एकाच शहरात, एकमेकांशी निदान शाळेपुरतं बोलू शकणाऱ्या पालकांसाठी ती चांगली आहे. सरसकट सगळ्यांवर लादली, तर मुलाचं दप्तर दोन घरांत फिरत राहील आणि भांडणही त्याच्यामागून फिरेल.

मुलाला 'तुला कोणाकडे राहायचंय?' असं विचारणारे न्यायाधीश एकांतात, जपून विचारतात. नातेवाईक ते भर पंगतीत विचारतात. म्हणून शेवटी आजी-आजोबा, मामा-मावशी, काका-आत्या यांना हात जोडून विनंती आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत तुमच्या घरातलं एखादं मूल दुसऱ्या घरी जाणार असेल, तर त्याची पिशवी आनंदानं भरून द्या. परत आल्यावर 'तिकडे तुझ्याबद्दल, आमच्याबद्दल काय बोलत होते?' असं खोदून विचारू नका. जेवलास का, खेळलास का, एवढंच विचारा, आणि ते जे सांगेल ते ऐकून घ्या.